राखून ठेवलेली खरपुडी

गांगुर्डे मास्तरांना मधुमेह आहे, असं त्र्यंबकपासून उंबरपाड्यापर्यंतच्या सगळ्या रूटला वाटायचं. घाटात, जिथे ना वस्ती ना थांबा, तिथे हा माणूस दोरी ओढून एक घंटी द्यायचा. एक घंटी म्हणजे थांबा. मी ब्रेक मारायचा. मास्तर उतरायचे, रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे राहायचे, वर कातळाकडे बघायचे आणि परत चढून डबल घंटी द्यायचे, म्हणजे चला. प्रवासी समजुतीने दुसरीकडे बघत. एका बाईने तर त्यांना जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, सकाळी अनशापोटी घ्या म्हणाली. मास्तरांनी हात जोडून घेतली. खरं काय ते सांगितलं नाही.

खरं मला माहीत होतं. ते एसटीचे कंडक्टर, मी त्यांचा ड्रायव्हर. आडनाव आहेर, गाव देवळ्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. माझी गाडी वेळेवर असते हा माझा माज होता, तो अजून उतरलेला नाही. त्यामुळे मास्तरांच्या त्या एका घंटीने माझं डोकं फिरायचं. पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्हाला खरंच लागते, का नाटक?"

"लागत नाही हो. वेल बघतो."

"कसली वेल?"

"खरपुडी."

"दिसली?"

"नाही," म्हणाले आणि पेटी मांडीवर घेऊन तिकिटं जुळवायला लागले.

आमची गाडी मुक्कामी. संध्याकाळी नाशिकहून निघायचं, अंधार पडता उंबरपाड्याला पोचायचं, शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची आणि सकाळी तीच पहिली गाडी म्हणून खाली आणायची. काळ्या-पिवळ्या जीपा तेव्हा सगळीकडे सुटल्या होत्या, पण उंबरपाड्याच्या घाटात त्यांची छाती व्हायची नाही. तिथे आम्हीच. पाड्याच्या तोंडाशी वळणावर एक दाढीवाला बोकड रस्त्यात बसलेला असायचा. सोमीमावशीचा. मावशी शाळेशेजारी राहायची, आमच्या चहा-भाकरीचं बघायची. नवरा वारला तेव्हा त्याच्या नावाने तिने तो बोकड सोडला होता. नावाने सोडला म्हणजे कुणी कापायचा नाही, दगड मारायचा नाही, शेतात घुसला तरी हाकलायचा तो गोडीने. मी हॉर्न देऊन देऊन दमलो. शेवटी मास्तरच उतरून त्याला म्हणायचे, "पुढे सरका, पाव्हणं, पुढे सरका. जागा केली तर होते."

ही त्यांची सगळ्यांनाच सांगायची गोष्ट. गर्दीत उभ्या माणसाला, बोकडाला, पुढे कुंड्यांतल्या रोपांनासुद्धा. अंगाने काडी. खाकी शर्टात अजून एक मास्तर मावला असता. आवाज मात्र शेवटच्या सीटपर्यंत जायचा.

खरपुडी म्हणजे काय, ते मला त्यांनीच दाखवलं. एका श्रावणात सकाळी गाडी सुटायच्या आत मला पठारावर चढवलं. कातळाच्या भेगेत वीतभर चिखल, त्यातून एक बारीक वेल वर आलेली. फूल कंदिलासारखं, खाली फुगीर, वर निमुळतं. पाऊस संपला की वेल वाळते आणि मातीत कंद राहतो. डोंगरातली माणसं तो खणून खातात, गुराखी तर नखाने माती उकरून कच्चाच. म्हणून ती संपत आलेली. पूर्वी सगळ्या पठारावर होती म्हणे, आता अशी एखाद्या भेगेत.

मास्तर त्या फुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "आहेर, यात एक चिलट शिरतं. आत केस असतात, खाली वळलेले. त्याला बाहेर येता येत नाही. रात्रभर आत मुक्काम. सकाळी फूल मरगळतं, केस गळतात, तेव्हा सुटतं. पहिल्या गाडीने."

"म्हणजे आपल्यासारखंच."

"आपल्यासारखंच. फक्त त्याचा परत येताना उपयोग होतो. अंगाला पराग लागलेला असतो."

मी म्हणालो, उशीर होतोय, चला.

त्यांच्या या नादाचं मूळ मला फार नंतर कळलं. घाटात रेडिएटर उकळला होता, प्रवासी सावलीला पांगले होते आणि आम्ही दोघं बॉनेट उघडून वाफ जायची वाट बघत होतो. मास्तर एकदम बोलायला लागले. त्यांचं घर पठाराच्या पलीकडच्या पाड्यावरचं. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता. आई रोज पठारावर जायची, पदरात खरपुडी घेऊन यायची. उकडायची. सगळी भावंडं त्यावर जगली. दुसऱ्या वर्षी वेल जवळजवळ उगवलीच नाही.

"दुष्काळात सगळेच खातात, मास्तर. त्यात काय?"

"सगळे खातात हो. पण आमची आई हुशार. तिला भेगा माहीत होत्या. तिने बारीकसुद्धा सोडली नाही, लसणाच्या कुडीएवढीसुद्धा. आम्ही जगलो, आहेर. मी तक्रार करत नाही. पण पठार आमच्या घराने खाल्लं. ते परत लावल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही."

वाफ गेली. मी पाणी ओतलं. त्या दिवसानंतर घाटातल्या घंटीवर मी काही बोललो नाही. पटलं होतं असं नाही. माणसाने एवढं उघडं बोलल्यावर त्याला टोचून बोलायचं नसतं.

पण लावणं काही सोपं नव्हतं. मी कांद्याच्या रानातला माणूस. आमच्याकडे बी टाकलं की रोप येतं, रोप लावलं की कांदा. ही बया तशी नव्हती. तिला शेंगा येतात जोडीने, बैलाच्या शिंगांसारख्या, त्याही फार थोड्या वेलींना. आत चपटं बी आणि बियाला रेशमासारखा झुपका. रुईची म्हातारी असते ना उडणारी, तशीच. शेंग तडकायच्या आत हाताला लागली तर बी आपलं, नाहीतर वाऱ्याचं.

एकदा मास्तरांनी तयार शेंगा कागदाच्या पुडीत घालून शर्टाच्या खिशात ठेवल्या. ऑक्टोबरचं ऊन, गाडी खचाखच. त्र्यंबकच्या अलीकडे शेंगा खिशातच तडकल्या आणि मास्तर तिकीट फाडायला वाकले तशा सगळ्या म्हाताऱ्या बाहेर. गाडीभर पांढरं पांढरं तरंगायला लागलं. पोरं टाळ्या वाजवून पकडायला लागली. मास्तर ओरडले, "खिडक्या लावा! आहेर, गाडी थांबवा! खिडक्या लावा सगळ्यांनी!"

मागून एक फेटेवाला म्हणाला, "मास्तर, ह्या म्हाताऱ्या फुकट चालल्यात की. हाफ तिकीट फाडा त्यांचं!"

गाडी हसून हसून लोळली. मास्तर सीटखाली रांगत होते, चिमटीने एक एक बी उचलत होते. मी घड्याळाकडे बघत होतो. बंद खिडक्यांत माणसं घामाने निथळली, पण उतरलं कुणी नाही. बायांनी एकमेकींच्या केसांतून, पदरातून बिया काढून दिल्या. एकीने आपल्या तिकिटाच्या घडीत घालून दिलं, वर म्हणाली, "जपा बाबा, तुमची म्हातारी." गाडी उशिरा पोचली. डेपोत मला विचारलं, काय झालं. मी म्हणालो, इंजिन तापलं. मास्तरांकडे बघितलं नाही.

ते बी त्यांनी पंचवटीत गच्चीवर तेलाच्या डब्यांत लावलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, वर पत्र्याची गच्ची. पठारावरची मुरमाड माती जेवणाच्या डब्यातून खाली आणलेली, त्यात वाळू आणि कोळशाचा चुरा. बी चांगलं उगवलं. मग वहिनींनी रोज सकाळी तुळशीला घालतात तसं त्या रोपांनाही तांब्याभर पाणी घातलं. आठवड्यात सगळी बुंध्याशी काळी पडून आडवी.

वहिनी रडल्या. मास्तर त्यांना काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "कातळावरची पोर आहे ती. तिला तहान माहीत आहे, पाणी माहीत नाही."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी काड्या लावल्या. पेरासकट तुकडा कापायचा, दिवसभर सावलीत सुकू द्यायचा, मग ओलसर वाळूत खोचायचा. काड्यांना मुळं फुटली. मास्तर खूश. हिवाळ्यात वर वाळून गेल्या, तरी खूश, खाली कंद असेल म्हणून. उन्हाळ्याच्या शेवटी डबे उकरले तर निम्म्यांत काहीच नाही. मूळ धरलं होतं, पण कंद धरायच्या आत पाऊस संपला. काडी लावायची तर पावसाच्या सुरुवातीलाच, हे त्यांना असं कळलं. एक चूक कळायला एक वर्ष. दुसरी कळायला दुसरं. मला हे बघून बघूनच थकवा यायचा. माझ्या क्लचच्या पायासारखा, जो दुखत नाही पण घरी गेल्यावरही दाबल्यासारखाच राहतो.

मग फुलं आली तर शेंगा धरेनात. चिलटं पठारावर राहिली ना. मास्तरांनी गच्चीवर सुकट टांगली, चिलटं यावीत म्हणून. चिलटं आली का माहीत नाही, अख्ख्या पंचवटीतली मांजरं आली. घरमालक वर आला, नाक धरून. म्हणाला, "गांगुर्डे, घर गोदेकाठी, तुम्ही माळकरी माणूस, आणि वर सुकट?"

"खायला नाही हो ती."

"मग कशाला?"

आता याचं उत्तर काय देणार? मास्तर म्हणाले, "पाहुण्यांसाठी."

अशी वर्षं गेली. कुंभमेळा येऊन गेला, आमच्या गाड्या बदलल्या, माझे केस गेले. आणि हळूहळू डबे भरले. जूनचा पहिला पाऊस पडून माती बसली की मास्तर कंद गाडीत आणायचे. डबे माझ्या सीटच्या मागे, कारण तिथे धक्के कमी. "माझ्या केबिनमध्ये माती नको," हे मी दर जूनला म्हणायचो आणि दर जूनला डबे तिथेच असायचे. सकाळी उजाडता आम्ही पठारावर जायचो. मास्तर भेगा निवडायचे, मी वाकून कंद ठेवायचो, कारण त्यांची कंबर धरलेली. त्यांच्या आईला माहीत होत्या त्याच भेगा.

पहिल्या वर्षी लावून खाली आलो तेव्हा मास्तर सोमीमावशीला म्हणाले, "मावशी, वर खरपुडी लावलीय. तेवढी राखा. गुराख्यांना काढू देऊ नका."

मावशी म्हणाली, "राखते ना, मास्तर. तुमची हाय, कोन हात लावतंय!"

आणि तिने राखली. म्हातारी काठी घेऊन पठारावर बसायची. गुराखी गाडीत चढले की गाऱ्हाणं, "मास्तर, तुमची मावशी आमाला वर टेकू देत नाय. ढोरं बी लांबून न्या म्हनते." मास्तर तोंडभर हसायचे. वेल दर पावसाळ्यात वाढत गेली. शेवटी शेवटी तर भाद्रपदात पठारावर चालताना बघून पाय टाकावा लागायचा. घाटातली एक घंटी बंद झाली. लोकांना वाटलं, जांभळाची पूड लागू पडली.

मास्तर ऑगस्टअखेर रिटायर झाले. शेवटची ड्यूटी त्यांनी उंबरपाड्याचीच मागून घेतली. सकाळी पाड्याने नारळ दिला, टोपी घातली. मग सोमीमावशीने आम्हा दोघांना ओट्यावर बसवलं आणि पळसाच्या पानाने झाकलेली जर्मनची परात समोर ठेवली.

"खावा मास्तर. तुमच्यासाठी राखून ठिवली व्हती. इतकी सालं कुनाला एक काढू दिली नाय. काल समदी काढली."

पान उचललं. परातभर उकडलेली खरपुडी, वर मीठ. मोठी, मधली आणि लसणाच्या कुडीएवढीसुद्धा.

मी मास्तरांकडे बघितलं नाही. बघवलं नाही. मावशी समोर उकिडवी बसलेली, तोंड आनंदाने फुललेलं. मग मास्तरांनी एक उचलली, साल काढली आणि तोंडात टाकली. चावली. "गोड आहे, मावशी," म्हणाले.

"तुमीबी घ्या, डायवर."

मी म्हणालो, मला नको. मी असाच माणूस आहे, नको म्हणजे नको. मास्तर हळूच म्हणाले, "खा, आहेर." त्या आवाजात त्यांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं. मी खाल्ली. शिंगाड्यासारखी लागते, मागून जरा कडवट. मास्तरांनी परात संपवली. एक ठेवली नाही. पाणी प्यायले आणि मग विचारलं, "मावशी, वरच्या वेली कुठं टाकल्या?"

"उकिरड्याव. त्येंचं काय करायचं?"

"काही नाही. बकऱ्यांना नेतो."

पंचवटीत त्यांच्याकडे बकरी नव्हती. उकिरड्यावर दोघांनी मिळून वेली वेचल्या, शेणातून, राखेतून. बऱ्याच सुकल्या होत्या. हिरव्या होत्या त्या ओल्या पोत्यात गुंडाळून माझ्या सीटमागे ठेवल्या. मास्तरांनी घाटभर तिकिटं फाडली. खाली आल्यावर केबिनपाशी येऊन उभे राहिले.

"तिला कधी सांगायचं नाही, आहेर."

"अहो, पण तिने—"

"तिची चूक नाही. मी म्हणालो राखा. तिने राखून ठेवली. शब्द माझा." वळता वळता म्हणाले, "लहानपणी भुकेपोटी खाल्ली, आज मानापोटी खाल्ली. पठाराला काय, सारखंच." आणि मग मागे जाऊन, "चला, पुढे सरका, जागा केली तर होते," सुरू केलं.

काड्या लावायला उशीरच झाला होता. पाऊस त्या वर्षी लांबला म्हणून काही जगल्या. मास्तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता पंच नाही, पेटी नाही, दिवसभर गच्चीवरच. मी ड्यूटीवरून जाता-येता डोकवायचो. "किती झाल्या?" असं मी विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत. चहा घ्यायचो. एका हिवाळ्यात, वेली वाळलेल्या असताना, ते झोपेतच गेले. वहिनींनी डेपोत फोन करून निरोप दिला.

मुलाकडे पुण्याला जायच्या आधी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते डबे तुम्ही न्या. मी पाणी घालून मारीन." मी नेले. आमच्या मंडळीने विचारलं, ही नुसती माती कशाला आणली? मी म्हणालो, असू दे. मला त्या वेलीचं प्रेम नव्हतं, आजही नाही. पण मुक्कामी गाडी घाटात सोडून मी कधी घरी आलेलो नाही.

तोवर मीही रिटायर झालो होतो. जूनमध्ये कंद पिशवीत घालून मी प्रवासी म्हणून उंबरपाड्याच्या गाडीत बसलो. सगळ्या रस्त्याने एकच विचार. मावशीला काय सांगायचं? राखा म्हणायचं नाही. लावलीय म्हणायचं नाही, लावतात ते खायलाच. काढू नका म्हटलं तर विचारील का. आणि खरं सांगायचं तर मास्तरांचा शब्द मोडतो. मी फार शिकलेला माणूस नाही, मला शब्द चटकन सापडत नाहीत. वळणावर गाडी थांबली. तोच बोकड, म्हातारा झालेला, रस्त्यात बसलेला. नवा ड्रायव्हर हॉर्न देत होता.

पठारावर गुडघ्यांनी फार छळलं. कंद भेगांत ठेवले, माती दाबली. उठायला गेलो तर सोमीमावशी काठी टेकत वर आलेली. मास्तर गेल्याचं तिला कळलं होतं.

"मास्तरांची का?" भेगेकडे बघून म्हणाली. "आवडली व्हती त्येंना. समदी खाल्ली." मग डोळे पुसले. "आता कुनासाठी राखू?"

"कुणासाठी नाही, मावशी. मास्तरांच्या नावाने सोडली."

ती भेगेजवळ आली. मग पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि भेगेपुढे वाकून हात जोडले. "सोडली म्हंजे झालं," म्हणाली. "आता कोन खानार न्हाय. मी बी न्हाय."

दुपारच्या गाडीने उतरलो. घाटात, मास्तर ओढायचे त्याच जागी, माझा हात वर गेला आणि मी दोरी ओढली. एकदाच. गाडी थांबली. कंडक्टर नवा पोरगा, चिडला. "ओ बाबा, घंटी कशाला दिली? लागली का?"

उभ्या जन्मात मी कुणाला नमून उत्तर दिलेलं नाही. म्हणालो, "हो."

खाली उतरलो. पाठमोरा उभा राहिलो आणि वर कातळाकडे बघितलं. खालून काही दिसत नाही. त्यांनाही दिसत नसणार.